चावायचं नाही, गिळायचं

व्यंकोजीराव माने यांनी पस्तीस वर्षं लोकांचे तराजू तपासले. वजन-मापे खात्यात ते निरीक्षक होते. येलहंक्यापासून होसकोट्यापर्यंतच्या बाजारांत कुठला दुकानदार पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवतो, हे त्यांना दुकानाची पायरी चढतानाच कळायचं. पकडल्यावर तो काय म्हणणार, हेही त्यांना पाठ होतं: मी काही केलं नाही साहेब, चिंच आपोआप चिकटली. अशा माणसाने वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी एका कुत्रीपायी जनावरांच्या डॉक्टरणीसमोर दोन दिवस तोंड शिवून उभं राहावं, हे त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही पटलं नसतं. त्यांचं त्यांनाही पटत नव्हतं.

कुत्री तर त्यांची नव्हतीच. ती ऋतुराजची आणि स्मृतीची. ऋतुराज हा त्यांचा एकुलता एक मुलगा आणि स्मृती ही पुण्याची सून. दोघं मारतहळ्ळीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. तिथल्या वॉचमनच्या खोलीमागे एका पावसाळ्यात हे तपकिरी पिल्लू सापडलं. वॉचमन तिला चिन्नी म्हणायचा, म्हणजे सोनुली, आणि तेच नाव राहिलं. मागच्या जूनमध्ये ऋतुराजला डब्लिनला नोकरी लागली. माणसं दोन बॅगा भरून विमानात बसली, कुत्रीला मात्र तसं बसता येईना. रेबीजची लस, मग रक्त तपासायला परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचं, त्यानंतर तीन महिने नुसतं थांबायचं, मग परवाने. तोवर ती अप्पांकडे, म्हणजे व्यंकोजीरावांकडे राहील, असं ठरलं. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं ऋतुराज म्हणाला होता. चाराचे सात झाले.

व्यंकोजीरावांना ही कटकट नको होती. बायको, सकवारबाई, जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एकट्याच्या जगण्याला त्यांनी एक शिस्त लावून घेतली होती. सकाळी पेपर, अकराला भाजीवाली, दुपारी झोप, संध्याकाळी टेकडीच्या बाजूला एक फेरी. मान्यांचं घराणं येलहंक्यात साडेतीनशे वर्षांपासूनचं, पण गल्लीत आता मराठी बोलणारं एकही दार उरलं नव्हतं. जुनी घरं पाडून चार-चार मजले झाले होते. बाहेर तर पूर्वीपासूनच कानडी. मराठी होती ती घरात, आणि घरात ती सकवारबाईशी होती. ती गेली आणि भाषाच घरातून उठून गेली. कधी कधी आठवडा जायचा, आणि आपण मराठीतला एक शब्दही तोंडातून काढलेला नाही, हे त्यांच्या एकदम ध्यानात यायचं. मग ते आरशासमोर उभे राहून उगाच म्हणायचे, "काय व्यंकोजी, जेवलास का?" आणि लाजायचे.

चिन्नी आल्यावर त्यांना बोलायला कुणीतरी मिळालं. तिला वॉचमनची कानडी येत होती, स्मृतीचं इंग्रजी येत होतं. मराठी तिला व्यंकोजीरावांनी शिकवली. महिनाभरात ती "सरक", "गप बस" आणि "चल, भाजीवाली आली" एवढं समजायला लागली. त्यांनी काही सांगायला सुरुवात केली की ती मान तिरकी करून ऐकायची, आणि दुसऱ्यांदा तीच गोष्ट सांगितली तरी तितकीच मन लावून ऐकायची. हे सकवारबाईलाही कधी जमलं नव्हतं.

जुलैत त्यांना गोणपाटावर तांदळाचे दाणे दिसले. चिन्नी जिथे झोपायची तिथे बारीक, चपटे, पिवळट दाणे. सोना मसुरी सांडला असेल म्हणून त्यांनी ते झाडून टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून वाकले, तेव्हा त्यातला एक दाणा हलला. चिन्नी आठवडाभर जेवत होती तरी वाळत चालली होती, अंगणात मागचा भाग जमिनीला घासत फिरत होती, आणि ती खेळतेय असं समजून हे हसत होते. त्यांनी आधी सकवारबाईचा उपाय केला, कडुलिंबाचा रस. चिन्नीच्या तोंडाला फेस आला आणि दिवसभर ती त्यांच्यापासून लांब बसली. मग ते औषधाच्या दुकानात जाऊन जंताच्या गोळ्या मागू लागले. कुणाला हव्यात, असं दुकानदाराने विचारलं. कुत्रीला, म्हटल्यावर त्याने हात जोडले आणि जनावरांच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा म्हणाला. मुलाला त्यांनी काहीच कळवलं नाही. चार महिनेसुद्धा सांभाळता आली नाही असं त्याला वाटेल, ही भीती होती.

दवाखाना रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला होता. डॉक्टर मुग्धा मूळची नागपूरची, पस्तिशीची, भराभर बोलणारी. म्हाताऱ्याच्या कानडीत मराठी हेल ऐकून ती सरळ मराठीवर आली आणि व्यंकोजीरावांनी आधी तिचं गाव विचारलं. ते तांदूळ नव्हते. ते टेपवर्मचे, म्हणजे पट्टकृमीचे तुकडे होते. पिसवा अंगावर असल्या की कुत्रं त्या चाटताना गिळतं, आणि त्यांच्यातून हा जंत पोटात जातो. म्हणून नुसती गोळी देऊन भागत नाही, पिसवांचंही औषध करावं लागतं, गोणपाट उकळत्या पाण्यात घालावं लागतं. रस बिस काही पाजायचा नाही. माणसाची गोळी द्यायची नाही. मांजराची कुत्र्याला नाही, कुत्र्याची मांजराला नाही. औषध वजनावर ठरतं, असं सांगत तिने चिन्नीला काट्यावर चढवलं.

वजन म्हटल्यावर व्यंकोजीरावांच्या अंगातला निरीक्षक जागा झाला. ते वाकले, काट्याची बाजू पाहिली आणि म्हणाले, "डॉक्टर, ह्याचा शिक्का मागच्या वर्षीचा आहे की."

डॉक्टर मुग्धाने असा पेशंट पाहिला नव्हता. ती खळखळून हसली. पुढच्या वेळी ते गेले तेव्हा काट्यावर नवा शिक्का होता आणि तिने तो आधी त्यांना दाखवला. चौदा किलो तीनशे ग्रॅम. दर दहा किलोला एक गोळी, म्हणजे चिन्नीला दीड. आता एकदा, पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि मग दर तीन महिन्यांनी.

चिठ्ठी मिळाली, गोळ्या मिळाल्या, आणि चिन्नीने त्या घ्यायला साफ नकार दिला. गोळी कडू. पावात घातली, पाव खाल्ला आणि गोळी जमिनीवर ठेवली. दहीभातातून काढली. केळ्यातून काढली. तोंडाला हात लावू गेले तर गुरगुरली; पिल्लू असताना कुणीतरी तिचा जबडा दोरीने बांधला होता, असं स्मृती सांगायची, आणि तेव्हापासून तोंडाशी हात आला की ती ती राहायची नाही. दुपारपर्यंत व्यंकोजीराव रडकुंडीला आले. शेवटी ते आपलं जेवायला बसले.

जेवण नेहमीचंच, रागी-मुद्दे आणि सार. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडून घोटलेला गोळा. पुण्या-मुंबईच्या माणसाला तो पहिल्यांदा खाता येत नाही, कारण तो भाकरीसारखा चावायला जातो आणि सगळा गोळा दातांना चिकटून बसतो. तो तुकडा तोडून, सारात बुडवून, सरळ गिळायचा असतो. सकवारबाई होसकोट्याची, मुद्द्याच्या बाबतीत ती कडक होती. लहानपणी ऋतुराज चावायला लागला की ताट ओढायची. "चावायचं नाही, गिळायचं," हे त्या घरात रोज दुपारी ऐकू यायचं. चिन्नी समोर बसून टक लावून पाहत होती. व्यंकोजीरावांनी सहज एक तुकडा तोडून, तुपात बुडवून तिच्याकडे टाकला. तिने तो हवेत झेलला, एकदा चावायचा प्रयत्न केला, तो टाळूला चिकटला, तिचे डोळे मोठे झाले, आणि मग तिने मान वर करून तो आख्खा गिळला. मान्यांच्या घरातल्यासारखा.

दुसऱ्या तुकड्यात एक गोळी होती, तिसऱ्यात अर्धी. दोन्ही गेल्या. व्यंकोजीराव इतके मोठ्याने हसले की शेजारच्या इमारतीतली बाई गॅलरीत आली.

त्या दिवसापासून त्यांच्या कॅलेंडरवर पुन्हा काही लिहिलं जाऊ लागलं. सकवारबाई असताना त्यावर दूध, गॅस, उपास असं सगळं असायचं. नंतर पानं कोरीच उलटली जायची. आता गोळीच्या तारखेभोवती लाल गोल, पिसवांच्या औषधाच्या तारखेभोवती निळा. गोळीच्या दिवशी ते सकाळी आंघोळ करून, सकवारबाईची मुद्दे घोटायची लाकडी काठी धुऊन, एखाद्या सणासारखं पाणी चढवायचे. एवढ्यासाठी कुणीतरी आपल्यावर अवलंबून आहे, ही गोष्ट त्यांना आतून ऊब देत होती. ही युक्ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. कुणी विचारलीच नव्हती.

जानेवारीत परवाना आला. बाजारात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे ढीग लागले होते, संक्रांत तोंडावर होती, आणि ऋतुराजने फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी जनावरं परदेशी पाठवणाऱ्या एजंटची गाडी चिन्नीला न्यायला येईल, शनिवारी दुपारी ती डब्लिनला उतरेल. एकच गोष्ट उरली होती. टेपवर्मची गोळी विमान तिथे उतरण्याआधी एकशेवीस तासांच्या आत आणि किमान चोवीस तास आधी द्यायची. घरी नाही, डॉक्टरच्या डोळ्यांसमोर. आणि डॉक्टरने तारीख-वेळ टाकून शिक्का मारायचा. टेपवर्मची एक घातक जात त्या देशात नाही, त्यांना ती येऊ द्यायची नाही. गुरुवारी दुपारपर्यंत कागद सरकारी कचेरीत गेला पाहिजे. म्हणजे मंगळवार, बुधवार, फार तर गुरुवार सकाळ.

मग ऋतुराज म्हणाला, "अप्पा, दोनदा बुकिंग रद्द झालं. स्मृतीला आता हे झेपत नाही. ह्या वेळी नाही जमलं तर आम्ही नाद सोडणार. मग असू दे तिला तुमच्याकडेच."

व्यंकोजीराव सरी, सरी म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या छातीत काहीतरी धडधडायला लागलं होतं आणि ते काय होतं हे त्यांना लगेच ओळखू आलं. ती आशा होती.

मंगळवारी ते चिन्नीला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर मुग्धाने गोळी चिकनच्या तुकड्यात घातली. चिन्नीने चिकन खाल्लं, गोळी टेबलावर ठेवली. चीजमध्ये घातली, तेच. हाताने द्यायला गेली तर चिन्नीने असे दात दाखवले की कंपाउंडर मागे सरकला. तोंडाला जाळी बांधली तर गोळी जाणार कुठून? गुंगीचं औषध प्रवासाच्या आधी डॉक्टरला नको होतं.

"काका, घरी कशी देता तुम्ही?" तिने विचारलं.

"जेवणात जाते," व्यंकोजीराव म्हणाले.

हे खोटं नव्हतं. पण त्यांच्या कापडी पिशवीत डबा नव्हता, आणि तो नव्हता कारण त्यांनी तो आणला नव्हता. सकाळी त्यांनी काठीकडे पाहिलं होतं आणि मान फिरवली होती. डॉक्टर म्हणाली, घाबरलीय ती, उद्या उपाशीपोटी आणा. परतताना रिक्षात चिन्नीने त्यांच्या मांडीवर हनुवटी ठेवली. व्यंकोजीराव तिच्या कानामागे खाजवत राहिले आणि आपण काही केलेलं नाही, असं स्वतःला सांगत राहिले. येलहंक्याच्या जुन्या बाजारापाशी रिक्षा अडली तेव्हा त्यांना पारड्याखालची चिंच आठवली. उरलेला रस्ता ते खाली मान घालून बसले.

बुधवारी पुन्हा तेच. उपाशी चिन्नीने मटणाचा खिमा चाटून पुसून खाल्ला आणि दीड गोळी बाजूला ठेवली. डॉक्टर मुग्धाचा चेहरा उतरला. तिने इंजेक्शनसाठी चार ठिकाणी फोन केले होते, कुठेच नव्हतं. ती स्वतः कपाळावरचा घाम पुसत होती आणि वर यांनाच धीर देत होती. उद्या सकाळी दहाला शेवटचं बघू, म्हणाली. तिच्या त्या मनापासूनच्या धडपडीने व्यंकोजीरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ते बोलले नाहीत. एक दिवस. फक्त आणखी एक दिवस गप्प राहिलं की चिन्नी इथेच.

संध्याकाळी स्मृतीचा व्हिडिओ कॉल आला. सून त्यांना एरवी रविवारी ऋतुराजबरोबर दिसायची, हसून दोन वाक्यं बोलायची. आज ती एकटी होती, आणि खिडकीबाहेर दुपार असूनही दिवा लावलेला होता. गोळीचं विचारलं. अजून नाही घेतली, असं यांनी सांगितलं. चिन्नीने तिचा आवाज ऐकला आणि धावत आली. फोनला नाक लावलं, चाटलं, मग फोनच्या मागे जाऊन पाहिलं. तिथे भिंत होती. ती पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. असं तिने चार-पाच वेळा केलं.

ते पाहता पाहता स्मृती रडायला लागली. मग सगळंच बोलली. ऋतुराज सकाळी सातला जातो, त्याचं ऑफिस चांगलं आहे, त्याला मित्र झालेत. तिला अजून कामाची परवानगी नाही. दिवसभर घरात. चार-साडेचारला अंधार. दुकानात गेलं तरी पैसे मशीनमध्ये टाकायचे, तिथेही कुणी बोलत नाही.

"अप्पा, आज पूर्ण दिवसात मी आत्ता पहिल्यांदा बोलतेय. चिन्नीचा बेड आणून ठेवलाय ना, मी त्या रिकाम्या बेडशी बोलते. मराठीत. सीरियसली, मला वाटतं मी वेडी होतेय."

आरशासमोर उभं राहून जेवलास का विचारणारा म्हातारा व्यंकोजीरावांना आठवला. त्यांना वाटत होतं की असं फक्त आपल्यालाच होतं, म्हातारपणी, माणसं निघून गेल्यावर होतं. ही तर एकतीस वर्षांची पोर होती. आपल्याला निदान अकरा वाजता भाजीवाली राव्रे म्हणून हाक मारते. आपण निदान आपल्या गावात एकटे आहोत.

"वेडी नाहीस मा," ते म्हणाले. "जेव काहीतरी. उद्या बगू."

त्यांनी घाईघाईने फोन ठेवून दिला. चिन्नी भिंतीशी बसून राहिली होती. त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि सगळं सांगितलं, नेहमीसारखं. तिने मान तिरकी करून ऐकलं. त्यांना हुंदका आला तेव्हा ती उठून त्यांच्या पायावर बसली, आणि आपण हिला ठेवून घ्यायला किती टपलो होतो, हे आठवून त्यांना आणखीच रडू आलं.

गुरुवारी सकाळी त्यांनी आंघोळ केली. काठी धुतली, पाणी चढवलं, पीठ सोडलं, उकळी आल्यावर गुठळी राहू न देता घोटलं. दंडात कळ आली तरी थांबले नाहीत. गोळा गरम असतानाच तूप लावून स्टीलच्या डब्यात ठेवला आणि डबा पंच्यात गुंडाळला.

दवाखान्यात डॉक्टर मुग्धा आज काय प्रयोग करायचा याच्या विचारात होती. व्यंकोजीरावांनी डबा टेबलावर ठेवला आणि दीड गोळी मागितली. एका तुकड्यात एक, एका तुकड्यात अर्धी. चिन्नीला डब्याचा वास कळला होता. ती आपणहून त्यांच्यासमोर बसली, शेपटी फरशीवर आपटत. पहिला तुकडा गेला. गळा हलला. दुसरा गेला. मग तिने ओठ चाटले आणि तिसऱ्याची वाट पाहू लागली. व्यंकोजीरावांनी तिला तो नुसताच, गोळीवाचून दिला.

डॉक्टरने घड्याळ पाहिलं, दहा वाजून बारा मिनिटं. वेळ लिहिली, सही केली. शिक्का उचलला आणि तो तसाच हातात धरून तिने विचारलं, "सहा महिने अशीच देत होता?"

"हो."

"मग परवा का नाही सांगितलं काका?"

"मला ती हवी होती," व्यंकोजीराव म्हणाले.

डॉक्टर मुग्धाने शिक्का मारला, हलक्या हाताने, आवाज होऊ नये तसा. मग तिने चिन्नीच्या औषधांचं कार्ड पुढे ओढलं आणि पेन उघडलं. नाचणीच्या गोळ्यात द्यावी, असं लिहून ठेवते, म्हणाली, म्हणजे तिकडच्यांना त्रास नको.

व्यंकोजीरावांनी कार्डावर हात ठेवला. "ते तेवढं लिहू नका."

डॉक्टर मुग्धाचे आईवडील नागपूरला दोघंच राहत होते. तिने पेन बंद केलं.

शुक्रवारी एजंटची गाडी आली. चिन्नी पिंजऱ्यात आपणहून गेली, कारण आत व्यंकोजीरावांचं जुनं बनियन घातलेलं होतं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते फाटकाशी उभे होते. भाजीवालीने दुसऱ्या दिवशी नायी एल्ली म्हणून विचारलं, कुत्री कुठाय, तेव्हा त्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं. ती मेली असं समजून बिचारीने डोळ्याला पदर लावला, आणि मग त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं.

शनिवारी फोटो आला. चिन्नी नव्या बेडवर, स्मृती तिच्या गळ्यात हात घालून, दोघींचे डोळे मिटलेले. व्यंकोजीरावांनी तो फोटो खूप वेळा पाहिला. नंतरचे दिवस आधीसारखे झाले, किंबहुना आधीपेक्षा वाईट, कारण आता काय नाही हे त्यांना माहीत होतं. चिन्नी आल्यावर रविवारचे फोन आखूड झाले. स्मृती आनंदात होती, तिला फिरायला जायचं असायचं, कुत्रीमुळे चार ओळखी झाल्या होत्या. त्यांना बरं वाटायचं आणि फोन ठेवल्यावर घर पूर्वीपेक्षा मोठं वाटायचं. गोणपाट त्यांनी धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलं. मराठी पुन्हा बंद झाली.

फक्त कॅलेंडरवर एप्रिलच्या पानावर एक लाल गोल होता. तीन महिन्यांनी.

त्या तारखेला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोन चार्ज करून समोर ठेवला. दिवस गेला, फोन आला नाही. दुसरा दिवसही गेला. तिकडच्या डॉक्टरने काही सोपं औषध दिलं असेल, ते मनाशी म्हणाले, आणि एवढीशी गोष्ट राखून ठेवणाऱ्या स्वतःची त्यांना लाज वाटली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मुद्द्याचं पाणी चढवत होते तेव्हा फोन वाजला.

स्मृतीचे केस विस्कटलेले होते. मागे चिन्नी, कान पाडून, सोफ्याखाली अर्धी शिरलेली. तीन दिवस झाले, गोळी घेत नाही, पीनट बटर, सॉसेज, सगळं करून झालं. तिथल्या व्हेटने पिसवांबरोबर हेही चुकवू नका म्हणून बजावलंय. अप्पा, तुम्ही कशी देत होता?

व्यंकोजीरावांनी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून नीट बसले. नाचणीचं पीठ घरात आहे का, असं त्यांनी विचारलं. नव्हतं. वीस मिनिटांवर एक इंडियन दुकान होतं, तिथे मिळेल. मग त्यांनी तिला मुद्द्याचं सांगितलं. सकवारबाईचं, काठीचं, चावायचं नाही, गिळायचं, हे सगळं सांगितलं. स्मृती ऐकता ऐकता हसली, आणि मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं.

"मग हे जानेवारीतच का नाही सांगितलंत?"

ते विसरलो म्हणू शकले असते. वयही होतं तसं.

"मुद्दाम नाही सांगितलं," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तू विचारायला फोन केला नसतास."

चिन्नी त्यांचा आवाज ऐकून सोफ्याखालून बाहेर आली, पडद्याला नाक लावलं आणि फोनच्या मागे जाऊन पाहू लागली. स्मृतीने खुंटीवरचा कोट आणि चिन्नीचा पट्टा घेतला.

"मी पीठ घेऊन येते अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही फोन ठेवू नका."

तिने फोन तसाच खिशात टाकला. पडदा काळा झाला. व्यंकोजीरावांना जिन्याचा आवाज आला, दार, मग वारा, कुठेतरी बस, आणि या सगळ्यातून चिन्नीच्या पट्ट्याची किणकिण. मधेच स्मृती विचारत होती, ऐकताय ना? आणि ते येलहंक्यात, स्वयंपाकघरात बसून, मोठ्याने हो म्हणत होते.